मॉर्ड्रेड आर्थरचा पुतण्या की भाचा?

प्रश्न असा आहे: राजा आर्थरच्या कथा मराठीत सांगताना मॉर्ड्रेड आणि गवेन यांना कुणी आर्थरचे पुतणे म्हणतात, कुणी भाचे. मॉर्ड्रेडला तर काही ठिकाणी मुलगाच म्हटलेले असते. इंग्रजीत सरसकट 'नेफ्यू' लिहून भागते. मराठीत काय लिहावे?

दोघेही भाचे. जेफ्री ऑफ मॉनमथने ११३६च्या सुमारास ब्रिटनच्या राजांचा जो लॅटिन 'इतिहास' लिहिला (त्यात दंतकथाच पुष्कळ आहेत), त्यात उथर पेंड्रॅगन आणि इगेर्ना यांना आर्थर आणि अ‍ॅना ही दोन मुले. अ‍ॅना लोथियनच्या लॉथला दिलेली. गवेन आणि मॉर्ड्रेड हे तिचे मुलगे, म्हणजे आर्थर त्यांचा सख्खा मामा.

जेफ्रीच्या ग्रंथात एक गोंधळ मात्र आहे. दुसऱ्या एका ठिकाणी तो सांगतो की लॉथची बायको ही ऑरेलियस राजाची बहीण. ऑरेलियस हा उथरचा थोरला भाऊ. मग ती आर्थरची आत्या ठरते, आणि गवेन-मॉर्ड्रेड त्याचे आतेभाऊ! पुढे कथेत तो मॉर्ड्रेडला आर्थरचा 'नेपोस'च म्हणतो, त्यामुळे भाचा हेच नाते धरावे.

लॅटिन 'नेपोस'मध्ये भाचा, पुतण्या आणि नातू तिन्ही मावतात. वेल्श भाषेतला 'नाय' हा त्याचाच सगोत्र शब्द, तोही भाचा-पुतण्या असा भेद करत नाही. संस्कृत 'नप्तृ' याच कुळातला, आणि त्यावरून आलेला आपला 'नातू'ही. 'किलहूख आणि ओल्वेन' या मध्ययुगीन वेल्श कथेत दरबारातल्या वीरांची लांबलचक यादी आहे. तिथे ग्वाल्खमायबद्दल (हाच पुढे गवेन झाला) म्हटले आहे की तो आर्थरचा नाय, त्याच्या बहिणीचा मुलगा, आणि त्याचा केव्नदेरही. नुसत्या 'नाय'वर कळणार नाही म्हणूनच 'बहिणीचा मुलगा' असे जोडले असावे. या खुलाशाची गरज मराठीला पडत नाही. 'केव्नदेर'ची अडचण मात्र आपली आहे, कारण त्यात चुलत, आते, मामे, मावस असे सगळे भाऊ येतात. किलहूख स्वतः आर्थरचा केव्नदेर. त्याची आई गोलाइदिद ही आन्लाउद राजाची मुलगी, आणि वेल्श वंशावळींत आर्थरची आई आइगर (जेफ्रीची इगेर्ना) हीसुद्धा आन्लाउदचीच. म्हणून किलहूखला बिनदिक्कत मावसभाऊ म्हणावे.

'पुतण्या'ला माझा विरोध एवढ्यासाठी की त्याने कथाच बदलते. काका-पुतण्या आणि सिंहासन म्हटले की मराठी माणसाला नारायणराव पेशवे आणि राघोबादादा आठवणारच. एका घरातली भाऊबंदकी, वारसाचा तंटा असे चित्र उभे राहते. मॉर्ड्रेड त्या घरातला नाही, तो लेकीकडून आलेला. आर्थर रोमशी लढायला समुद्रापार जातो तेव्हा राज्य आणि राणी ग्वेनिव्हिर या भाच्याच्या हवाली करून जातो. भाचा मुकुट चढवतो आणि राणीला आपली बायको करतो. मराठीत ती त्याची मामी आहे, आणि तो अपराध किती मोठा हे या एका नात्याने कळते. 'रोनाबुईचे स्वप्न' या वेल्श कथेत तर आर्थर कामलानच्या, म्हणजे आपल्या शेवटच्या, लढाईआधी मेद्राउदला, म्हणजे मॉर्ड्रेडला, निरोप धाडतो की मी तुझा पालक-पिता आणि मामा आहे, तेव्हा समेट करू. निरोप्या तो निरोप मुद्दाम फिरवून, जिव्हारी लागेल असा सांगतो. इथे 'काका' लिहिले तर निरोपातला सगळा जिव्हाळा वाया जातो.

आर्थरला खरा पुतण्याही आहे, तो फारसा कुणाला माहीत नसतो. एका जुन्या वेल्श संवादकाव्यात आर्थरला ओकाच्या झाडावर एक गरुड भेटतो आणि त्याच्याशी धर्माविषयी बोलतो. तो असतो मेलेला एलिउलोद, उथरचा मुलगा मादोग याचा मुलगा. मादोग हा आर्थरचा भाऊ. 'पुतण्या' हा शब्द त्याच्यासाठी राखून ठेवावा.

राहिला 'मुलगा'. मॉर्ड्रेड हा आर्थरला बहिणीपासूनच झालेला, ही कल्पना तेराव्या शतकातल्या फ्रेंच गद्यकथांची. १४८५ साली छापून निघालेल्या मॅलरीच्या इंग्रजी ग्रंथामुळे ती सर्वदूर पोचली. त्या कथा सांगत असाल तर मुलगा आणि भाचा दोन्ही लिहावे लागेल. वेल्श परंपरेत आर्थरचे मुलगे वेगळेच आहेत: ल्लाखाय, ग्विद्रे आणि आमर. यातल्या आमरला तर आर्थरने स्वतःच्या हाताने मारले आणि पुरले, असे नवव्या शतकातला 'ब्रिटनांचा इतिहास' सांगतो. बापाकडून मुलगा मारला जाण्याची गोष्ट तिथे मॉर्ड्रेडच्या कितीतरी आधी आहे. वेल्श बखरीतल्या ५३७ सालच्या नोंदीत कामलानला आर्थर आणि मेद्राउत (मॉर्ड्रेडच) पडले एवढेच आहे. नाते नाही, वैर होते की नाही तेही नाही.

शेवटी आर्थर मुकुट देतो तो कॉर्नवॉलच्या काडोरचा मुलगा कॉन्स्टंटाइन याला. जेफ्री त्याला नुसते 'कोग्नातुस' म्हणतो. त्याचा चुलतभाऊ किंवा भाचा करू नका. 'नातलग' लिहा.