अर्ध्या किमतीच्या सेलची गर्दी आणि आईबाबांचे कोट

अगं, थ्रिफ्टच्या, म्हणजे वापरलेले कपडे विकणाऱ्या दुकानातल्या तुझ्या पहिल्या लेबर डे सेलचं पत्र वाचलं. (लेबर डे म्हणजे सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारची सुट्टी.) पहिल्या वेळी सगळ्यांचं असंच होतं. दोन तास धक्के खाल्लेस, अकरा कपडे घरी आणले, अंगाला बसले दोन, आणि ज्यासाठी गेली होतीस ते आईबाबांचे कोट राहूनच गेले. माझ्या पहिल्या सेलमधला एक जांभळा ब्लेझर अजून कपाटात लटकतोय. तीन डॉलरला घेतला होता, सोळा वर्षांत एकदाही घातला नाही. (मी सरळ 'तू' म्हणतेय. वयाने बरीच मोठी आहे, चालवून घे.)

आधी कोटांचं बोलू. आईबाबा नोव्हेंबरात येणार म्हणतेस, तर पुढच्या सेलची वाट बघत बसू नकोस. इथे अमेरिकेतल्या मिनेसोटात थ्रिफ्टच्या दुकानांतले कोट सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये बाहेर येतात आणि पहिली कडक थंडी पडली की त्यातले बरे बरे उचलले जातात. मंगळवारी किंवा बुधवारी सकाळी दुकान उघडतानाच जा आणि पूर्ण किमतीला घे. पंचवीस डॉलरच्या कोटावर सेलमध्ये साडेबारा वाचणार. तेवढ्यासाठी बाबांना विमानतळाबाहेर स्वेटरवर कुडकुडत उभं करायचं का? शिवाय आपल्या राज्यात कपड्यांवर सेल्स टॅक्स नाही, त्यामुळे चिठ्ठीवर जो आकडा तोच गल्ल्यावर. सेल स्वतःच्या आणि पोरांच्या कपड्यांसाठी ठेव. त्यात माप थोडं चुकलं तरी काही बिघडत नाही.

मला वाटलं होतं, लेबर डे म्हणजे स्टेट फेअरचा, राज्याच्या मोठ्या जत्रेचा, शेवटचा दिवस, अर्धं गाव तिकडेच असेल. उरलेलं अर्धं दुकानात होतं! दुसऱ्या दिवशी बऱ्याच शाळा उघडतात ना, त्यामुळे मुलांच्या कपड्यांच्या रांगेत तर पाय ठेवायला जागा नसते. तिकडे आधी जा किंवा अगदी शेवटी जा, मधल्या वेळात मुळीच नको. आणि दारावरची पाटी उभं राहून नीट वाच. सेव्हर्ससारख्या दुकानांत सुट्टीच्या सेलला कपडे निम्म्यात मिळतात, गुडविलच्या बऱ्याच दुकानांत एरवी दर आठवड्याला एका रंगाच्या चिठ्ठीचे कपडे निम्म्यात असतात, आणि दोन्हीकडे कशाला सूट नाही ते बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं.

आता मुख्य गोष्ट. गर्दीत डोळे फसतात, म्हणून कपडा बोटांनी शोधायचा. माझी आई साडीच्या दुकानात पदर अंगठा आणि तर्जनीत धरून चोळत बसायची. दुकानदार किंमत सांगत राहायचा आणि हिचं तिकडे लक्षच नसायचं. इथे तेच करायचं. एकेक हँगर सरकवत बसलीस तर एका रांगेत तास जाईल. रांगेच्या कडेने चालत जा आणि लटकणाऱ्या बाह्यांवरून हात फिरवत राहा. कापूस थंड लागतो. लोकरीला अंग असतं, दाबली की ती हळूच परत वर येते, आणि मेरिनो ही मऊ लोकर सोडली तर थोडी टोचतेही. ॲक्रिलिकचा स्वेटर दिसतो लोकरीसारखा, पण चोळला की बोटांना करकर जाणवते. दोन-तीन सेल झाले की बोटं आपोआप थांबायला लागतात. थांबली की मगच कपडा बाहेर काढायचा आणि आतली पट्टी वाचायची. कशात किती टक्के काय आहे हे अमेरिकेत कायद्याने लिहावं लागतं, गळ्याशी नाहीतर कडेच्या शिवणीत सापडतं. पट्टी कापलेली असेल तर बोटांवर विश्वास ठेव.

माझ्या बाबांसाठी कोट शोधत होते तेव्हाची गोष्ट सांगते. गडद निळा लोकरीचा कोट, आत ४० आर लिहिलेलं. म्हणजे छाती चाळीस इंच आणि उंची मध्यम. आरच्या जागी एस असेल तर बुटक्यांसाठी, एल असेल तर उंचांसाठी. काखेत अस्तर दोन बोटं उसवलेलं. त्याचं काही नाही, घरी टीप घालता येते. खिशात टॉफीचा कागद आणि घडी घातलेलं चर्चचं पत्रक. मनात म्हटलं, जमलं. मग कॉलर उलटली तर खाली मोहरीएवढं एक भोक. पाठ ट्यूबलाइटसमोर धरली आणि निळ्या आभाळात सात चांदण्या चमकल्या. कसर लागलेली. असा कोट फुकट मिळाला तरी घरात आणायचा नाही, ती कसर तुझ्या पैठणीपर्यंत पोचेल. डांबराच्या गोळ्यांचा वास मारत असेल तरीही ठेवून दे. माझ्या अनुभवात तो वास दोन हिवाळे जात नाही.

अर्ध्या तासाने त्याच मापाचा करडा कोट मिळाला, तोही रांगेत नव्हे. गल्ल्याजवळ एक चाकांचा स्टँड असतो. लोक रांगेत उभे असताना शुद्धीवर येतात आणि नको असलेले कपडे त्यावर टाकतात. सेलच्या दिवशी दुकानातली सगळ्यात चांगली निवड तिथेच असते, कारण ती कुणीतरी आधीच करून ठेवलेली असते. मी दर वीस मिनिटांनी तिथे चक्कर मारते.

मात्र दुसऱ्याच्या ट्रॉलीला हात लावायचा नाही, आणि आपली सोडून लांब जायचं नाही. एकदा मी आरशापाशी गेले आणि परत येते तो एक बाई माझ्या ट्रॉलीतून शांतपणे स्वेटर निवडत होत्या. त्यांना वाटलं तो परतीचा माल आहे. दोघी लाजलो. तेव्हापासून मी माझं जॅकेट ट्रॉलीच्या दांड्याला बांधून ठेवते.

ट्रायल रूम धरून चालू नकोस. २०२० मध्ये बऱ्याच ठिकाणी त्या बंद झाल्या आणि सगळीकडे काही परत उघडल्या नाहीत. अंगाबरोबर बसणारा टी-शर्ट आणि लेगिंग घालून जा, म्हणजे आरशासमोर वरूनच घालून बघता येतं. पँटची घालून बघायची सोय नसेल तर बटण लावून तिची कंबर गळ्याभोवती धर. दोन्ही टोकं मानेमागे जेमतेम भेटली तर साधारण बसते. चेन तीनदा वरखाली करून बघ. इथला शिंपी कोटाची चेन बदलायचे कोटाहून जास्त पैसे घेतो. इलॅस्टिक ताणून कानाशी धर, कुरकुरलं तर ते मेलेलं आहे. पिसांचं जॅकेट मुठीत दाबून सोड, लगेच फुगलं पाहिजे. आणि गल्ल्यावर जायच्या आधी ट्रॉली भिंतीशी लावून निम्मा माल परत ठेव. प्रत्येक कपड्याला विचारायचं, पूर्ण किंमत असती तर घेतलं असतं का? जांभळा ब्लेझर इथेच गळाला असता. सेलचा माल बऱ्याच ठिकाणी परत घेत नाहीत, हेही लक्षात ठेव.

घरी आल्यावर पिशवी गादीवर ओतू नकोस, गॅरेजमध्येच उघड. ढेकणांची भीती खरी आहे. ज्याला ड्रायर चालतो ते सगळं धुण्याआधीच अर्धा तास कडक उष्णतेवर फिरव. लोकर ड्रायरमध्ये घातलीस तर बाबांचा कोट नातवाला होईल. ती पिशवीत बांधून शून्य फॅरनहाइटच्या फ्रीझरमध्ये चार दिवस ठेव. बाहेर बर्फच आहे म्हणून व्हरांड्यात टांगून भागत नाही, दुपारी ऊन लागलं की तापमान वर जातं.

राहिला तुझा शेवटचा प्रश्न, कोट वापरलेला आहे हे आईबाबांना सांगायचं का. मी माझ्या आईबाबांना सांगितलं. बाबांचा पहिला प्रश्न: "मेलेल्या माणसाचा तर नाही ना?" मी म्हटलं, असेलही. इथे कुणी गेलं की मुलं सगळं घर रिकामं करून देऊन टाकतात. ते थोडा वेळ गप्प बसले. मग आई म्हणाली, "आपण बोहारणीला जरीच्या साड्या देऊन टोप घ्यायचो, त्या कुठे जायच्या मग?" तिने कोटाच्या अस्तरावरून डेटॉलचा बोळा फिरवला आणि विषय संपला. नंतर मी बाबांना पानिपतचं सांगितलं. परदेशात न खपलेले लोकरीचे कपडे कांडला बंदरातून तिकडे जातात, पिंजून त्यांचं सूत काढतात आणि त्यातून स्वस्त ब्लँकेटं विणतात. पूर-भूकंपात वाटतात ना, त्यातलीच. बाबा म्हणाले, म्हणजे हा निदान अख्खा तरी आहे.

आता मापं. फोनवर घे, पण साइज विचारू नकोस, टेप लावायला सांग. आई साडी नेसत असेल तर नितंबाचं माप निऱ्यांसकट हवं, आणि कोट गुडघ्यापर्यंत. आखूड कोटाखालून वारा थेट पोटऱ्यांना लागतो. तिच्यासाठी लोकरीपेक्षा पिसांचा बघ, लोकरीचा लांब कोट त्या वयात खांद्यांना जड होतो. बाबांच्या छातीच्या मापात स्वेटरसाठी चार इंच धर. आणि आकडा आईकडूनच घे, ते स्वतः मोजताना पोट आत घेतात.