डॉमिनिका लीवर्ड की विंडवर्ड? कॅरिबियन बेटांच्या गटांबद्दल

तू विचारलंयस की एका पुस्तकात डॉमिनिका बेट लीवर्ड (वाऱ्याच्या आडोशाच्या) गटात आहे आणि दुसऱ्यात विंडवर्ड (वाऱ्याच्या बाजूच्या) गटात, मग परीक्षेला काय लिहू. विंडवर्ड लिही. पण पहिलं पुस्तकही खोटं नाहीये, जुनं आहे. ब्रिटिशांच्या कारभारात डॉमिनिका १९४० पर्यंत लीवर्डमध्येच होतं, त्या वर्षी त्यांनी ते विंडवर्डला जोडलं. बेट होतं तिथेच आहे, कारभार बदलला.

मी मर्चंट नेव्हीत वीसेक वर्षं काढली, या पाण्यातून कितीतरी वेळा गेलोय, म्हणून कळकळीने सांगतो, नुसत्या याद्या पाठ करू नकोस. आधी बेट कशाचं बनलंय बघ, मग वारा कुठून येतो बघ आणि शेवटी तिथे राज्य कोणाचं होतं ते बघ, कारण तिन्हीचे गट वेगवेगळे पडतात आणि पुस्तकं ते एकात एक मिसळून टाकतात.

ग्रेटर अँटिलीस सोपं आहे. क्युबा, जमैका, हिस्पॅनिओला (यातच हैती आणि डॉमिनिकन रिपब्लिक, हे डॉमिनिका नव्हे बरं का) आणि पोर्तो रिको. मोठी, डोंगराळ बेटं, वेस्ट इंडिजची जवळजवळ ९० टक्के जमीन इथेच. बहामा आणि टर्क्स-केकॉस हा वेगळा गट, उथळ पाण्यातली चुनखडीची सपाट बेटं, आणि ती कॅरिबियन समुद्रात नाहीतच, अटलांटिकमध्ये आहेत. हे परीक्षेत हमखास चुकतं.

खरी मजा लेसर अँटिलीसमध्ये, म्हणजे छोट्या बेटांमध्ये. व्हर्जिन आयलंड्सपासून खाली ग्रेनाडापर्यंत धनुष्यासारखी ओळ आहे. अटलांटिकचा तळ इथे कॅरिबियन भूपट्टाखाली सरकतो म्हणून आतल्या बाजूला ज्वालामुखींची रांग उभी राहिलीये. १९०२ मध्ये मार्टिनिकच्या माँ पेले ज्वालामुखीने सें-पिएर हे अख्खं शहर संपवलं, माँटसेराटचा ज्वालामुखी १९९५ ला जागा झाला आणि त्यांची राजधानी प्लिमथ राखेखाली गेली, सेंट व्हिन्सेंटचा तर २०२१ मध्ये फुटला. अँटिग्वा, बार्बुडा, अँग्विला ही बाहेरच्या रांगेतली, चुनखडीची, बुटकी. बार्बाडोस त्याहून पूर्वेला एकटंच, वर प्रवाळाचा थर. ब्रिजटाउनला जुन्या इमारतींच्या भिंतीला हात लावलास तर दगडात प्रवाळाची नक्षी बोटाला लागते, आणि डॉमिनिकाच्या किनाऱ्यावर वाळू काळी, ओली असली की कोळशाच्या चुऱ्यासारखी दिसते. एवढं डोळ्यांनी बघितलं की खडकाचे गट आयुष्यात विसरायला होत नाहीत.

आता वारा. इथे व्यापारी वारे ईशान्य-पूर्वेकडून वाहतात. युरोपातून येणारी शिडाची जहाजं ते वारे पकडून साधारण डॉमिनिका-मार्टिनिकच्या आसपास पोचायची, तिथून वायव्येकडची बेटं वारा ज्या बाजूला वाहत जातो त्या अंगाला म्हणून ती लीवर्ड, आणि खालची मार्टिनिक, सेंट लुशिया, सेंट व्हिन्सेंट, ग्रेनाडा ही विंडवर्ड. सेंट लुशियाच्या उत्तरेच्या सामुद्रधुनीतून आत शिरलं आणि बेटाच्या आडोशाला आलं की अटलांटिकच्या लाटांनी चाललेलं डोलणं कमी होतं, मेसमधला चहाचा ग्लास टेबलावर सुखाने उभा राहतो, वाऱ्याची बाजू आणि आडोशाची बाजू म्हणजे काय ते तेव्हा अंगाला कळतं.

पण डचांचा हिशोब वेगळा. ते अरुबा, बोनेअर, क्युरासाओला लीवर्ड म्हणतात, ही व्हेनेझुएलाच्या किनाऱ्याजवळची, आणि साबा, सेंट युस्टेशियसला विंडवर्ड. तीच साबा इंग्रजी यादीत लीवर्डमध्ये! म्हणून पुस्तक कुठल्या देशाच्या यादीवरून लिहिलंय ते आधी बघायचं.

त्रिनिदादबद्दल पण विचारलंयस. ते नकाशावर ओळीच्या टोकाला दिसतं, पण त्याचा खडक दक्षिण अमेरिकेचा, समुद्राची पातळी वाढली तेव्हा सुटं झालेलं. लक्षात ठेवायला १९७१ चा वाडेकरांच्या भारतीय क्रिकेट संघाचा वेस्ट इंडिज दौरा नकाशावर मांड. पहिली टेस्ट किंग्स्टनला, म्हणजे ग्रेटर अँटिलीस. दुसरी, गावसकरांची पहिली आणि आपण जिंकलेली, पोर्ट ऑफ स्पेनला, म्हणजे सुमारे १,८०० किलोमीटर लांब त्रिनिदादमध्ये. चौथी प्रवाळाच्या बार्बाडोसवर. आणि तिसरी जॉर्जटाउनला, ते तर बेटच नाही, गयाना दक्षिण अमेरिकेच्या मुख्य भूमीवर आहे.