डिपर कुणाला, कधी आणि किती वेळ?

दुचाकीच्या डाव्या मुठीवरच्या पास-स्विचबद्दल, म्हणजे हेडलाइट क्षणभर हायवर लावून इशारा (डिपर) देणाऱ्या बटणाबद्दल, या महिन्यात बरेच प्रश्न आले. त्यांतले एकसारखे प्रश्न एकत्र करून उत्तरे देत आहोत.

प्रश्न : गावाजवळच्या अरुंद पुलावर समोरच्या गाडीने डिपर मारला की आम्ही अलीकडे थांबतो. इंग्लंडहून आलेला माझा चुलतभाऊ म्हणतो, डिपर म्हणजे 'तुम्ही या, मी थांबलोय'. कोण बरोबर? (एक वाचक, सांगली)

उत्तर : आपापल्या देशात दोघेही बरोबर. आपल्याकडे डिपरचा रूढ अर्थ 'मी निघालोय, थांबणार नाही' असा आहे. तिकडे बहुतेक लोक वाट देण्यासाठी लाइट दाखवतात. तिथल्या हायवे कोडला, म्हणजे वाहतूक नियमांच्या अधिकृत पुस्तिकेला, मात्र हे दोन्ही अर्थ मान्य नाहीत. त्यातला नियम ११० सांगतो की हेडलाइटची उघडझाप फक्त 'मी इथे आहे' एवढे कळवण्यासाठी करावी. पुढचा १११ सांगतो की कुणी लाइट दाखवला म्हणजे आपल्याला जायला सांगितले, असे धरून चालू नये. तुमच्या भावाने इथे गाडी चालवताना तिकडची सवय बाजूला ठेवावी, आणि तुम्ही तिकडे गेलात तर इथली.

पुलावर दोघांनी एकदमच डिपर मारला, तर दुचाकीवाल्याने अडून बसू नये. पुलाच्या अलीकडे डावीकडे थांबा, लाइट लो वर (जवळच्या, खाली पडणाऱ्या झोतावर) ठेवा आणि समोरची गाडी पूर्ण बाहेर आल्यावरच निघा. तिच्यामागे लाइट न लावलेला ट्रॅक्टर किंवा दुसरी दुचाकी असू शकते. अरुंद चढावर डिपर आधी कोणी मारला याला अर्थ नाही. तिथे उतरणाऱ्याने चढणाऱ्याला वाट द्यायची, असा नियमच आहे.

प्रश्न : जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने नेहमी जावे लागते. पुढच्या ट्रकला ओलांडताना किती वेळा डिपर मारावा? काही ड्रायव्हर उजवा इंडिकेटर देतात, काही डावा. नेमके काय समजायचे? (एक वाचक, तळेगाव दाभाडे)

उत्तर : द्रुतगती महामार्गावर दुचाकीला बंदी असल्याने ट्रकमागे अडकणे तुमच्या वाट्याला रोजचेच. डिपर किती वेळा मारायचा, त्याआधी तो कुठून मारायचा ते पाहू. ट्रकच्या मागे २०-२५ मीटर अंतर ठेवा आणि लेनच्या उजव्या भागात या. ट्रकचा उजवा आरसा आणि त्यात ड्रायव्हरचा चेहरा दिसला पाहिजे. तो तुम्हाला दिसत नसेल, तर तुमचा डिपरही त्याला दिसणार नाही. ट्रकच्या ढुंगणाला चिकटून दहादा लाइट मारणारे फक्त त्याच्या मागच्या फळीवर उजेड पाडत असतात.

दिवसा दोन डिपर पुरतात, प्रत्येक सुमारे अर्ध्या सेकंदाचा. हॅलोजनची तार तापून पूर्ण उजळायला क्षणभर लागतो, म्हणून नुसत्या टिचकीसरशी मारलेला डिपर उन्हात विझल्यासारखाच दिसतो. त्यानंतर दोनेक सेकंद थांबा. ट्रक जरा डावीकडे सरकला किंवा ड्रायव्हरचा हात बाहेर आला, तर त्याने तुम्हाला पाहिले. काहीच हालचाल नसेल तर एक छोटा हॉर्न द्या. रात्री एकच डिपर पुरे, कारण आरशातून तो थेट डोळ्यांत जातो. ट्रकच्या मागे 'यूज डिपर अॅट नाइट' रंगवलेले असते, त्याचा अर्थ हाय बीम लावून मागे चालत राहा असा नव्हे.

आता इंडिकेटर. उजवा इंडिकेटर म्हणजे 'समोरून गाडी येतेय, थांब' असे काही ड्रायव्हर मानतात. काहींच्या मते तो 'जा उजवीकडून' असतो. आणि खरोखर उजवीकडे पेट्रोल पंपात वळणाराही तोच इंडिकेटर देतो! तीन अर्थांतला एक जिवावर बेततो, तेव्हा उजवा दिसला की मागेच राहायचे. डाव्या इंडिकेटरला वाट दिल्याची खूण मानतात. पण त्याला तुमच्याइतकाच रस्ता दिसतो असे नाही आणि तुमच्या गाडीचा पिकअप तर त्याला मुळीच ठाऊक नाही. रस्ता आपल्या डोळ्यांनी मोकळा दिसल्याशिवाय निघू नका.

मोकळा म्हणजे किती, याचा हिशेब करून ठेवा. ट्रक ताशी ५० किमीने चालला आहे आणि तुम्ही ७० ने, म्हणजे वेगातला फरक सेकंदाला साधारण साडेपाच मीटर. मागचे २० मीटर, ट्रकची लांबी १० आणि पुढे पुन्हा लेनमध्ये यायला २० असे ५० मीटर कापायला नऊ सेकंद लागतात. तेवढ्यात तुम्ही १७५ मीटर पुढे जाता आणि समोरून ७० ने येणारी गाडीही १७५ मीटर जवळ येते. म्हणजे किमान ३५० मीटर रिकामा रस्ता हवा, वर थोडी शिल्लक हवी ती वेगळी. डिपर मारल्याने यातला एक मीटरही कमी होत नाही.

प्रश्न : माझ्या नव्या बाइकचा हेडलाइट बंदच होत नाही. मग दिवसा डिपर कुणाला कळणार? शिवाय समोरचे लोक हात दाखवून 'लाइट चालू आहे' असे खुणावतात. (एक वाचक, जळगाव)

उत्तर : १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींना इंजिनबरोबर आपोआप लागणारा हेडलाइट बंधनकारक आहे. बोटांची उघडझाप करून खुणावणाऱ्यांना मान डोलवा आणि पुढे चला. त्यांचा हेतू चांगलाच असतो. पण एकदा इंडिकेटरही पाहून घ्या, कारण चालू राहिलेल्या इंडिकेटरसाठीही हीच खूण करतात.

सतत लागलेल्या लाइटमुळे डिपरचा उठाव कमी होतो हे खरे. लो लागलेला असताना पास दाबला की हाय लागतो, एवढाच फरक समोरच्याला दिसतो. भर उन्हात तो शंभर मीटरवरून जेमतेम जाणवतो. म्हणून दिवसा डिपरला हॉर्नची जोड द्यायची. हाय लावूनच चालत असाल तर पास दाबून काहीही दिसणार नाही. तेव्हा अंगठ्याने लो करून पुन्हा हाय करायचे. अप्पर-डिप्पर म्हणतात ते हेच.

प्रश्न : पावसाळ्यानंतर पास-स्विच कधी चालतो, कधी नाही. मेकॅनिक पूर्ण स्विच बदलायला सांगतो. (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : घाई नको. आधी हत्याराविना तपासणी करा. इंजिन चालू ठेवून अंगठ्याच्या स्विचने हाय लावा. हाय नीट लागतो पण पास दाबून लागत नाही, तर दोष पास-स्विचमध्ये किंवा त्याला करंट आणणाऱ्या वायरमध्ये आहे. दोन्हीकडून हाय लागत नाही, पण मीटरवरचा निळा दिवा पेटतो, तर बल्बची हायची तार तुटली असेल किंवा बल्बमागचे कनेक्टर ढिले, जळके असेल. निळा दिवाही पेटत नसेल, तर फ्यूज आणि वायरिंग पाहा.

मल्टीमीटर असल्यास २० व्होल्ट डीसीवर ठेवा. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हला आणि लाल पिन कनेक्टरच्या मागून हायच्या वायरला लावून पास दाबा. बारा व्होल्टच्या आसपास किंवा जास्त दिसायला हवेत. हे माप बल्ब जोडलेला असतानाच घ्यायचे. बल्ब काढून घेतले तर गंजलेला स्विचसुद्धा पूर्ण व्होल्टेज दाखवतो, कारण करंट वाहतच नसतो. बरेच जण इथेच फसतात आणि चांगला बल्ब फेकून देतात. जोडलेल्या बल्बवर नऊ-दहाच व्होल्ट मिळाले तर वाटेत कुठेतरी गंज आहे.

कोकणच्या पावसात बहुधा स्विचमधले पितळी कॉन्टॅक्ट हिरवे पडलेले असतात. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा, मग मुठीखालचे दोन स्क्रू सोडून स्विचचे दोन भाग वेगळे करा. जुने फडके खाली पसरून ठेवा, कारण आतली बारीक स्प्रिंग आणि गोळी उडून हमखास हरवते. कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, हिरवट थर खोडरबराने घासून काढा. पॉलिश पेपरने चरे पडतात आणि तिथेच पुन्हा गंज धरतो. पेट्रोल तर नकोच, प्लास्टिक खराब होते. वाळल्यावर डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणाऱ्या) ग्रीसचा अगदी पातळ हात द्या. मुठीतून आत जाणाऱ्या वायरीचे रबर फाटले असेल तर तेही बदला, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात हेच काम पुन्हा. कॉन्टॅक्ट वितळून काळे पडले असतील, तर मात्र मेकॅनिकचे म्हणणे खरे.

काळे का पडतात? लोवर असताना पास दाबला की अनेक गाड्यांत बल्बमधल्या हाय आणि लोच्या दोन्ही तारा एकदम पेटतात. ३५/३५ वॉटच्या (हाय/लो) बल्बला तेव्हा सुमारे सहा अँपिअर लागतात, ६०/५५ च्याला साडेनऊ. अर्ध्या सेकंदाला हे काहीच नाही. पण पास दाबून धरून मैलभर जाणाऱ्याचा स्विच आणि बल्बचा होल्डर दोन्ही भाजतात.

प्रश्न : डिपर जोरदार दिसावा म्हणून १५० सीसी बाइकला १००/९० वॉटचा बल्ब लावला तर? (एक वाचक, नांदेड)

उत्तर : लावू नका. मूळ ३५ वॉटच्या जागी १०० म्हणजे जवळपास तिप्पट करंट आणि तिप्पट उष्णता. होल्डर वितळतो, रिफ्लेक्टरची चकाकी उडते आणि बॅटरी भरायची ती रिकामी होत जाते. तो बल्ब रस्त्यासाठी मंजूरही नाही. आपोआप लुकलुकणारे स्ट्रोब दिवे लावायचा विचार असेल, तर तोही सोडा. काच आतून-बाहेरून स्वच्छ असेल आणि बल्ब काळवंडलेला नसेल, तर मूळ ३५ वॉट डिपरला पुरतात.

प्रश्न : रात्री मी लोवरच असतो, तरी समोरचे सगळे मलाच डिपर मारतात. पुढे पोलीस आहेत असे सांगत असतील का? (एक वाचक, बीड)

उत्तर : एखाद्याने मारला तर पुढे नाकाबंदी, अपघात, बसलेली गुरे यांपैकी काहीही असू शकते. वेग कमी करायचा, अर्थ नंतर कळतो. सगळेच मारत असतील तर तुमचा हेडलाइट वर पाहतो आहे. टायरमध्ये योग्य हवा भरा, गाडी सपाट जागी भिंतीपासून ५ मीटरवर उभी करा, नेहमीच्या वजनासह स्वतः बसा आणि लो लावा. उजेडाची वरची कड हेडलाइटच्या मध्यापेक्षा पाच-सात सेंटीमीटर खाली पडायला हवी. वर असेल तर हेडलाइटचा खालचा किंवा बाजूचा स्क्रू फिरवून खाली आणा. मागे माणूस बसला की पुढचा भाग उचलला जातो, म्हणून डबलसीट फिरणाऱ्याने मागे कुणाला तरी बसवूनच हे करावे. पास-स्विच आत अडकून राहिला तरी हीच तक्रार येते. मीटरवरचा निळा दिवा विझला आहे ना, ते पाहा.

प्रश्न : आंबोली, ताम्हिणीच्या धुक्यात हाय मारून इशारा द्यावा का? (एक वाचक, इचलकरंजी)

उत्तर : धुक्यात हाय म्हणजे डोळ्यांसमोर पांढरा पडदा. लोवरच राहा, वळणावर हॉर्न द्या. धुके नसलेल्या रात्री उलट. आंधळ्या वळणाआधी एकदा अप्पर-डिप्पर केले की उजेड कड्यावर, झाडांवर पडतो आणि गाडी दिसण्याआधी समोरच्याला कळते. दिवसा त्याच वळणावर डिपरचा उपयोग नाही, तिथे हॉर्नच.

प्रश्न : आठ जणांच्या ग्रुप राइडसाठी डिपरच्या खुणा सुचवा. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : दोनच ठेवा. दोन डिपर म्हणजे 'हळू व्हा, मागे कुणीतरी राहिलाय' आणि सलग चार-पाच म्हणजे 'सुरक्षित जागा पाहून थांबा'. याहून लांब यादी चहाच्या टपरीवर पाठ होते आणि पहिल्या खड्ड्यात विसरते.

डिपर फक्त पुढच्याला दिसतो. त्यामुळे शेवटच्या गाडीचा इशारा एकेकाने पुढे द्यायचा. प्रत्येकाने आरशात आपल्या मागच्या एकावर लक्ष ठेवायचे, आणि मागच्याने मारला की आपणही पुढच्याला मारायचा. आरशात स्वतःचा खांदा कडेला जेमतेम दिसेल एवढाच ठेवा, उरलेल्या काचेत रस्ता. पुढून मागे सांगायचे असेल तर डिपर निरुपयोगी. ब्रेक हलकेच दोन-तीनदा दाबून मागचा दिवा लुकलुकवा किंवा डावा हात वापरा. तिरकी रांग धरून चालावे, म्हणजे आपल्याच ओळीतल्या पुढच्या गाडीपासून दोन सेकंद आणि शेजारच्या ओळीतल्यापासून एक सेकंद अंतर. अशाने प्रत्येकाचा हेडलाइट पुढच्याच्या आरशात सुटा दिसतो. वळणावळणाच्या घाटात मात्र एकामागे एक चालावे. तिथे मागचा आरशातून नाहीसा होतच राहतो, म्हणून दर फाट्यावर पुढच्याने थांबून मागचा दिसल्यावरच वळायचे.