निर्बंध घालूनही म्यानमारचं लष्कर का पडत नाही? आणि आपल्या उडदाचं काय?

प्रश्न दोन आले आहेत. धरमपेठेच्या अभ्यासिकेत यूपीएससीची तयारी करणाऱ्या ताईंनी विचारलंय की अमेरिका-युरोपने एवढे निर्बंध घातले तरी म्यानमारचं लष्कर जागचं हललं नाही, आणि भारताने बोलणं चालू ठेवलं तरी ते सुधारलं नाही. मग दबाव खरा की संवाद? त्याखाली इतवारीतल्या एका डाळवाल्या भाऊंनी विचारलंय, 'आम्ही बर्माचा उडीद घेतो, तो पैसा लष्कराच्या खिशात जातो का?' दुसरा प्रश्न जास्त नेमका आहे. पण क्रमाने जाऊ.

'दबाव की संवाद' अशी जोडी मांडली की उत्तर तिथेच फसतं. अशी राजवट तीन गोष्टींवर तगते: डॉलर कुठून येतात, दारूगोळा आणि इंधन कुठून येतं, आणि मधल्या फळीतले मेजर-कर्नल वरच्याला सोडून का जात नाहीत. बाहेरच्या देशाने काहीही केलं तरी ते या तिन्हींपैकी कशाला शिवतं, हे आधी तपासायचं. कशालाच शिवत नसेल तर निर्बंध म्हणजे निषेधाचा ठराव आणि संवाद म्हणजे हारतुरे.

२००३ चं उदाहरण घ्या. मे महिन्यात देपायिनला लोकशाहीवादी नेत्या आंग सान सू ची यांच्या ताफ्यावर हल्ला झाला. त्यानंतर अमेरिकेने म्यानमारचा सगळा माल आयात करायला बंदी घातली. सर्वात आधी बंद पडले ते कपडे शिवणारे कारखाने, आणि घरी बसल्या त्या तिथे काम करणाऱ्या हजारो तरुण बायका. जनरलांचा पैसा मात्र गॅसमध्ये होता. यादाना क्षेत्रातला गॅस १९९८ पासून पाइपलाइनने थायलंडला जात होता, आणि अमेरिकेची १९९७ ची बंदी फक्त 'नव्या' गुंतवणुकीवर होती, त्यामुळे त्यातली अमेरिकी कंपनीही जागेवरच राहिली. म्हणजे बंदी मोठी आणि नेम चुकलेला.

त्यात आणखी एक मेख होती. त्या काळी सरकारी दर एका डॉलरला साधारण ६ क्यात (क्यात म्हणजे तिथलं चलन), आणि बाजारात हजाराच्या आसपास. गॅसचे १०० कोटी डॉलर आले तर सरकारी दराने हिशेबात पडणार ६०० कोटी क्यात, बाजारभावाने त्याचेच होतात १ लाख कोटी. मधला फरक अंदाजपत्रकात दिसतच नाही; तो कोणाच्या हातात राहतो हे सांगायला नको. असे दोन दर ठेवणं हे राजवटीचं सर्वात बिनआवाजी हत्यार असतं. एप्रिल २०१२ मध्ये दर एक केला गेला. २०२१ मध्ये लष्कराने बंड करून पुन्हा सत्ता बळकावली, त्यानंतर ही युक्ती परत आली, त्यावर खाली येतोच.

१ फेब्रुवारी २०२१ च्या त्या बंडानंतरचे निर्बंध जास्त अभ्यासाने घातलेले होते. लष्कराच्या दोन मोठ्या व्यापारी कंपन्या, सागवान विकणारं सरकारी महामंडळ, मग २०२३ मध्ये परकीय व्यापार पाहणाऱ्या दोन सरकारी बँका. युरोपने २०२२ च्या फेब्रुवारीत सरकारी तेल-गॅस कंपनीवरही हात टाकला. अमेरिकेला तिथवर यायला ऑक्टोबर २०२३ उजाडला, आणि तेव्हाही फक्त वित्तीय सेवा बंद केल्या.

शस्त्रांच्या बाबतीत काय झालं ते आकड्यांत बघण्यासारखं आहे. संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिवेदक टॉम अँड्र्यूज यांनी मे २०२३ मध्ये मांडलं की बंडानंतर लष्कराने निदान १०० कोटी डॉलरचा शस्त्रमाल बाहेरून घेतला: रशियातून ४०.६ कोटी, चीनमधून २६.७, सिंगापूरमधल्या कंपन्यांकडून २५.४. (भारतातून ५.१ कोटी. आपण त्या यादीत नाही असं समजू नका.) सिंगापूर सरकारने चौकशी सुरू केली, आणि तिथून जाणारा माल एका वर्षात ११ कोटी डॉलरवरून जेमतेम १ कोटीवर आला. एकूण खरेदीही ३७.७ कोटींवरून २५.३ कोटींवर घसरली. पण त्याच वर्षी थायलंडमधून जाणारा माल ६ कोटींवरून दुपटीवर गेला. ज्या देशाच्या बँकांतून पैसा फिरतो त्याने मनावर घेतलं तर लष्कराची खरेदी एक तृतीयांशाने कमी करता येते, आणि शेजारच्या देशाने कानाडोळा केला तर उरलेली वाट पुन्हा सापडते. नव्या वाटेला दलाली जास्त, सुटे भाग उशिरा, भाव चढे. निर्बंधांची खरी कमाई एवढीच असते. लढाई महाग पडते. राजवट पडेल अशी अपेक्षा ठेवून निर्बंध मोजले तर ते कायम नापासच दिसतील.

बाहेर पडणाऱ्या कंपन्यांचंही असंच. जपानच्या किरिन कंपनीने लष्कराच्या कंपनीबरोबरची बिअरच्या धंद्यातली भागीदारी सोडली, पण २०२३ च्या सुरुवातीला आपले ५१ टक्के शेअर त्या भागीदारीतल्या ब्रुअरीलाच परत विकून. म्हणजे अख्खी ब्रुअरी लष्कराकडे. फ्रान्सची टोटल २०२२ मध्ये यादानातून निघाली. तिचा वाटा उरलेल्या भागीदारांत मोबदल्याशिवाय वाटला गेला, आणि त्यात म्यानमारच्या सरकारी कंपनीचाही हिस्सा वाढला. बाहेर पडणं नैतिकदृष्ट्या बरोबर असेल, पण कसं पडता यावर जनरलचा तोटा होतो की फायदा हे ठरतं. या मुद्द्याकडे परीक्षेच्या उत्तरांत कोणी फिरकत नाही. ताई, तुम्ही लिहा.

आता अधिकारी का फुटत नाहीत. त्यांचं घर छावणीत, मुलांची शाळा छावणीत, आणि लष्कराच्या कंपनीचे शेअर त्यांच्या नावावर. पळून जाणाऱ्याचा लाभांश कापल्याच्या नोंदी त्या कंपनीच्या कागदांत सापडल्या आहेत. यादीत शे-दोनशे जनरल टाकून त्यांचा पॅरिसचा व्हिसा बंद केला तरी कर्नलच्या हिशेबात काही बदलत नाही. फुटून आलेल्याला पुढे काय मिळेल, खटला की माफी, हे कोणी सांगितलं असतं तर कदाचित बदललं असतं.

लोक इथे हमखास दक्षिण आफ्रिका काढतात. काढा, पण नीट. तिथे १९७७ पासून संयुक्त राष्ट्रांची सक्तीची शस्त्रबंदी होती, तरी मोठा धक्का बसला १९८५ मध्ये, अमेरिकेच्या चेस मॅनहॅटन बँकेने अल्प मुदतीची कर्जं पुढे ढकलून द्यायला नकार दिला तेव्हा. बाकीच्या बँका मागोमाग आल्या आणि सप्टेंबरात सरकारला परतफेड थांबवावी लागली. त्याच महिन्यात तिथले बडे उद्योगपती झांबियात जाऊन आफ्रिकन नॅशनल काँग्रेसच्या नेत्यांना भेटले. हे घडलं कारण भांडवलदार वर्ग सरकारपासून वेगळा होता आणि गोऱ्या मतदाराला का होईना, मत होतं. म्यानमारमधले बडे उद्योगपती जनरलांच्या परवान्यावर जगतात. ते कुठल्या झांबियाला जाणार? उलटं टोक म्हणजे इराक. १९९० नंतर सगळंच बंद केल्यावर लोकांचं पोट सरकारी रेशनकार्डावर आलं, आणि ते कार्ड सद्दामच्या हाती होतं.

खरा परिणाम करणारा दबाव बघायचा तर चीनकडे बघा. २७ ऑक्टोबर २०२३ ला उत्तर शान प्रांतात तीन सशस्त्र गटांनी मोहीम उघडली. सीमेवरच्या ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यांना चीन विटला होता, त्याने कानाडोळा केला आणि लष्कराने तिथली ठाणी भराभर गमावली. पुढे ऑगस्ट २०२४ मध्ये त्यांतल्या एका गटाने लाशिओ शहर घेतलं तेव्हा चीनला वाटलं आता फार झालं. सीमेवरची दारं बंद केली, वीज, पाणी, इंटरनेट तोडलं, आणि एप्रिल २०२५ मध्ये त्या गटाने लाशिओ लष्कराला परत दिलं. लढून जिंकलेलं शहर! चीनला हे जमलं याची कारणं दोन. इंधन, औषधं, तांदूळ त्याच्याच दारातून जातात. आणि मागणी छोटी होती, 'हे शहर सोडा' एवढीच. वॉशिंग्टनची मागणी 'सत्ता सोडा', आणि जनरलसाठी सत्तेनंतर तुरुंग. मागणी जेवढी मोठी तेवढा दबाव कमी पडतो.

म्हणूनच २०११ मध्ये लष्कराने राजवट थोडी खुली केली ती निर्बंधांमुळे की संवादामुळे, या वादात मला फारसा दम वाटत नाही. जनरलांनी आधी स्वतःची सोय केली. २००८ च्या संविधानात संसदेच्या २५ टक्के जागा, संरक्षण, गृह आणि सीमा अशी तीन खाती, कलम ४४५ खाली माफी, आणि घटनादुरुस्तीला ७५ टक्क्यांहून जास्त मतांची अट. मग दार किलकिलं केलं. चीनवर फार विसंबायला नको हा हेतूही होताच. सप्टेंबर २०११ मध्ये चीनच्या मदतीने होणारं मित्सोन धरण थांबवलं ते त्यातूनच. इथे निर्बंध उठण्याची आशा कामाला आली. चूक झाली ती नंतर. युरोपने एप्रिल २०१३ मध्ये शस्त्रबंदी सोडून सगळं उठवलं, अमेरिकेने ऑक्टोबर २०१६ मध्ये, आणि ते २५ टक्के जसेच्या तसे. २०१७ मध्ये सात लाखांवर रोहिंग्या बांगलादेशात ढकलले गेले तेव्हा हातात द्यायला किंवा काढून घ्यायला काही उरलंच नव्हतं. इराणमध्ये २०१८ ला उलटी चूक झाली. अणुकरार पाळला जात असतानाच अमेरिका त्यातून बाहेर पडली. निर्बंध उठतील यावर समोरच्याचा विश्वास नसेल तर ते फक्त शिक्षा म्हणून उरतात.

भारताचं खातं. १९८८ मध्ये दिल्ली उघडपणे आंदोलनाच्या बाजूने होती. नव्वदच्या दशकात धोरण फिरलं, कारण १,६४३ किलोमीटरची सीमा, ईशान्येतले बंडखोर आणि चीन. त्यातून काहीच मिळालं नाही असं नाही: २०१९ मध्ये सीमेपलीकडच्या तळांवर कारवाई झाली, मे २०२० मध्ये २२ बंडखोर खास विमानाने आपल्याकडे सोपवले गेले. पण भारताने तिथे हाती घेतलेला कलादान वाहतूक प्रकल्प बघा. सितवे बंदर ते पलेत्वा १५८ किलोमीटर नदीमार्ग, तिथून मिझोरामच्या सीमेवर झोरिनपुईपर्यंत १०९ किलोमीटर रस्ता. करार २००८ चा, आणि जानेवारी २०२४ मध्ये पलेत्वा घेतलं लष्कराशी लढणाऱ्या अराकान आर्मीने. ज्याच्याशी करार केला त्याचा ताबाच तिथे नाही. संवाद करायला हरकत नाही, पण फक्त राजधानीशी केला की असं होतं. शिवाय श्वे गॅसक्षेत्रात आपल्या ओएनजीसी विदेशचा १७ टक्के आणि गेलचा ८.५ टक्के वाटा आहे, तो गॅस जातो चीनला. दिल्ली निर्बंधांच्या भाषेत का बोलत नाही याचं थोडं उत्तर इथेही आहे.

आता डाळवाल्या भाऊंचा उडीद. उडदाची एसक्यू प्रत असो की एफएक्यू, किंवा तिथली लेमन तूर, पैशाची वाट तीच. एप्रिल २०२२ मध्ये तिथल्या मध्यवर्ती बँकेने फर्मान काढलं की बाहेरून आलेले डॉलर एका कामाच्या दिवसात सरकारी दराने क्यातमध्ये बदला. मग असा सक्तीने बदलायचा वाटा टप्प्याटप्प्याने उतरला. डिसेंबर २०२३ मध्ये तो ३५ टक्के झाला आणि पुढे आणखी कमी. सरकारी दर २,१०० क्यात. समजा उडीद टनाला १,००० डॉलर आणि बाजारातला दर ४,००० क्यात. वाटा ३५ टक्के होता तेव्हा यांगूनच्या निर्यातदाराला ३५० डॉलर २,१०० ने द्यावे लागत, म्हणजे डॉलरमागे १,९०० क्यात गेले. एकूण ६ लाख ६५ हजार क्यात, बाजारभावाने साधारण १६६ डॉलर. न सांगितलेला सोळा-सतरा टक्के कर झाला हा, आणि असे गोळा झालेले स्वस्त डॉलर कोणाला द्यायचे ते राजवट ठरवते.

तर भाऊ, पैसा जातो, पण सगळा नाही. मोठा भाग तिथला शेतकरी आणि अडत्या यांच्याकडेच राहतो. निर्यातदार हा कर स्वतः सोसत नाही, शेतकऱ्याला भाव पाडून देतो. लेमन तूर पिकते त्या मध्य म्यानमारच्या कोरड्या पट्ट्यात सगाइंगही येतं, जिथे लष्कराविरुद्ध सर्वात जोराचा उठाव आहे. खरेदी बंद केली तर आधी तो शेतकरी मरतो. २०२१ च्या करारानुसार भारत पाच वर्षं दरसाल अडीच लाख टन उडीद आणि एक लाख टन तूर खासगी व्यापाऱ्यांमार्फत घ्यायला तयार झाला. बर्माच्या उडदाला आपल्याएवढं मोठं गिऱ्हाईक दुसरं नाही. म्हणजे जोर आपल्याकडे आहे, पण तो आपण वापरत नाही, कारण आपल्याकडे उडीद डाळ महागली तर सरकारला झोप लागत नाही.

माझ्या मते खरेदी चालू ठेवून पैशाची वाट बदलणं हा जास्त शहाणा दबाव आहे. जानेवारी २०२४ पासून पंजाब नॅशनल बँकेतल्या खास रुपया खात्यातून थेट रुपया-क्यात व्यवहार करता येतो. तो रुपया मुख्यतः भारतातल्या मालावरच खर्च होतो, औषधं वगैरे. त्यातून लढाऊ विमानाचं इंधन घेणं डॉलरइतकं सोपं नाही. अडचण अशी की तिथल्या निर्यातदाराला डॉलरच हवा असतो आणि क्यातचा दर कोणता धरायचा यावर सौदा अडतो. तुमचा दलाल डॉलरचाच आग्रह धरत असेल तर कारण हे आहे. पुढचा सौदा रुपयात होतो का, हे त्याला आणि आपल्या बँकेला एकदा विचारून बघा. क्यातचा दर आणि भरणा कोणत्या दिवशीच्या दराने धरायचा, हे दोन्ही करारातच लिहून घ्या.