राधानगरीच्या रानासाठी हलकी रायफल: माझा अनुभव

अभयारण्याला लागून असलेल्या शेतावर रात्री राखणीला राहावे लागते आणि अधूनमधून दाजीपूरच्या जंगलातही एकट्याने फिरायचे आहे, त्यासाठी दोन किलोंच्या आतली, सुटी करून पिशवीत मावणारी रायफल कोणती घ्यावी, असे आपण विचारले आहे. ते वाचून मला माझाच जुना अर्ज आठवला. परवान्याची प्राथमिक प्रक्रिया आपणास ठाऊक असेल असे गृहीत धरतो.

आपण उल्लेखिलेली एआर-७ ही सुटी होणारी अमेरिकी रायफल दीड किलोच्या आसपास भरते आणि तिची नळी दस्त्यात, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या मागच्या भागात बसते, हे खरे आहे. मात्र अशा रायफलींचा उगम अमेरिकी हवाई दलाच्या गरजेत आहे: निर्जन प्रदेशात उतरावे लागलेल्या वैमानिकाने ससा किंवा पक्षी मारून मदत येईपर्यंत तग धरावा. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तो उपयोगच उरलेला नाही. शिवाय नवी परदेशी रायफल सामान्य परवानाधारकाला आयात करता येत नाही.

मी वजनाच्याच मोहापायी देशी बनावटीची .२२, म्हणजे बारीक नळीची, छोट्या गोळीची रायफल घेतली, आणि ती माझी सर्वांत महाग पडलेली चूक ठरली. एका संध्याकाळी उसाच्या कडेला, वीस पावलांवर, एकटा नर गवा उभा राहिला. आठशे किलोंच्या त्या जनावरासमोर माझ्या हातात २.६ ग्रॅमची गोळी होती. ती झाडली असती तर गवा केवळ जखमी होऊन अंगावर आला असता, हे त्या क्षणी लख्ख समजले. मी चापाला बोट लावले नाही, पाठ न फिरवता हळूहळू मागे सरलो, म्हणून आज हे लिहू शकतो.

त्यानंतर परवान्यावरील शस्त्राचा प्रकार बदलून घेण्यासाठी एका कार्यालयात सोळा महिने खेटे घातले. कोणती कागदपत्रे लागतील हे एकदाही एकत्र सांगितले नाही. दर खेपेस नवी त्रुटी निघे, आणि मधल्या निवडणुकीत शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करावे लागले ते वेगळेच. शेतकऱ्याचा दिवस असा वाया घालवण्याचा अधिकार कोणालाही नसावा, असे मला मनापासून वाटते.

मी वकील नाही, तेव्हा कायद्याची खात्री आपण स्वतः करून घ्यावी. तरीही एक गोष्ट ठामपणे सांगतो. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३१ नुसार मुख्य वन्यजीव रक्षक किंवा प्राधिकृत अधिकारी यांच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र नेता येत नाही. म्हणून जंगलातल्या भटकंतीसाठी रायफलीचा विचार सोडूनच द्यावा आणि वाटाड्या सोबत घ्यावा. शेतावर मचाण, प्रखर विजेरी आणि फटाके यांचा मला बंदुकीपेक्षा अधिक उपयोग झाला आहे.

एवढे करूनही रायफल घ्यायचीच असेल, तर वजनाआधी दस्त्याची लांबी पाहावी. खांद्याला नीट न बसणारी बंदूक कितीही हलकी असली तरी नेम चुकवते. आपल्या कांबळवाडीच्या नेमबाज स्वप्नील कुसाळेने २०२४ साली पॅरिसमध्ये ज्या प्रकारात कांस्यपदक मिळवले, त्यात आठ किलोंपर्यंतची रायफल चालते, कारण वजनाने नळी स्थिर राहते. माझ्या मते तीन किलोंच्या आसपासची, नेम धरायला साधी लोखंडी माशी असलेली आणि रुंद पट्ट्याची रायफल पुरेशी ठरते. आपल्याकडच्या पावसात मात्र ती कापडी म्यानात ठेवू नये, दर आठवड्याला नळीत तेलाचा बोळा फिरवावा.