चाचणीत मुलीचं रक्त किती काढतील?

प्रश्न : आमच्या ८ वर्षांच्या मुलीला (वजन २० किलो) नव्या औषधाच्या चाचणीत घेऊ का, असं डॉक्टरांनी विचारलंय. सारखं रक्त काढतील याची धास्ती वाटते. आणि तीच नको म्हणाली तर? – एक पालक, सातारा

उत्तर : रक्ताचा हिशेब सोपा आहे. शरीरात किलोमागे साधारण ८० मिली रक्त धरा, म्हणजे तिच्यात १,६०० मिली. युरोपीय शिफारशीनुसार चाचणीसाठी एका वेळी त्याच्या १ टक्का (१६ मिली) आणि ४ आठवड्यांत ३ टक्के (४८ मिली) यापेक्षा जास्त काढू नये. गडबड होते ती कागदावर न धरलेल्या रक्तामुळे. नमुना गोठला की पुन्हा सुई, शिवाय कॅन्युलातून (शिरेत बसवलेल्या बारीक नळीतून) आधी टाकून दिलेले थेंब. हेही त्या ४८ मध्येच मोजायला सांगा. नेहमीच्या उपचाराच्या तपासण्यांबरोबर एकाच टोचणीत नमुना घेता येईल का, तेही विचारा. बधिर करणारं मलम लावणार असतील तर ते तासभर आधी लागतं. घाईत लावलेलं मलम वाया जातं.

तिच्या होकाराचं म्हणाल, तर आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) मार्गदर्शक तत्त्वांनुसार ७ ते १२ वयाच्या मुलांची तोंडी संमती घेतात आणि १२ ते १८ मध्ये लेखी. तुमची सही वेगळी लागतेच. मूल गप्प राहिलं म्हणजे ‘हो’ म्हणालं असं नव्हे. चाचणी कधीही सोडता येते, नेहमीचे उपचार थांबत नाहीत.

सही करण्याआधी सीटीआरआयवरचा (देशातल्या औषध-चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीतला) नोंदणी क्रमांक आणि चाचणी तपासून मंजुरी देणाऱ्या एथिक्स कमिटीचा फोन नंबर मागून घ्या. इजा झाल्यास मोफत उपचारांची तरतूद नवीन औषधे व चाचण्यांबाबतच्या २०१९ च्या केंद्रीय नियमांत आहे.