बटण दाबले, तरी मॅक्रो चालत नाही

प्रश्न : एक्सेलमधील युजरफॉर्मवरच्या (स्वतः तयार केलेल्या खिडकीवरच्या) बटणाचे नाव बदलल्यापासून ते दाबल्यावर काहीच घडत नाही आणि त्रुटीचा संदेशही दिसत नाही. असे का व्हावे?

उत्तर : बटण आणि मॅक्रो (ते दाबल्यावर चालणारा छोटा प्रोग्राम) यांना जोडणारा दुवा केवळ नावाचा असतो. ‘कमांडबटन1_क्लिक’ ही प्रक्रिया (बटणाचे नाव आणि ‘क्लिक’ मिळून नाव बनलेला कोडचा भाग) बटणाचे नाव बदलल्यावरही जुन्याच नावाने फॉर्मच्या कोडमध्ये पडून राहते आणि ती व्याकरणदृष्ट्या निर्दोष असल्यामुळे एक्सेल तक्रार करत नाही, हीच खरी अडचण. कोडच्या संपादकात (व्हीबीए एडिटरमध्ये) बटणावर डबल-क्लिक करावे. रिकामी प्रक्रिया उघडल्यास जुन्या ओळी तिच्यात हलवाव्यात. नाव जुळत असूनही शांतता असेल, तर कोड चुकून फॉर्मऐवजी साध्या मॉड्यूलमध्ये (कोडच्या वेगळ्या पानावर) लिहिला गेला आहे का, ते पाहावे. ‘एनेबलइव्हेंट्स’ (एक्सेलमधील घटनांना मिळणारा प्रतिसाद चालू-बंद करणारी सेटिंग) तपासण्यात मात्र वेळ घालवू नये. फॉर्मवरील बटणांना ती लागूच होत नाही.